"नवीन काय आलंय?": देवघेवीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

"मॅडम, नवीन काय आलंय?" सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसलात की पहिल्या तासाभरातच हा प्रश्न कानावर येईल. गेली १९ वर्षं मी तो रोज ऐकते आहे. सुरुवातीला मी ताज्या खरेदीच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून मोकळी व्हायची. लोक गठ्ठा चाळायचे, दोन-तीन पुस्तकं उलटीपालटी करायचे आणि शेवटी कपाटातून 'मृत्युंजय' तिसऱ्यांदा घेऊन जायचे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की विचारणाऱ्याला यादी नको असते. पुढचा आठवडा बरा जाईल असं एक पुस्तक आपण निवडून द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

दाखलनोंद, वर्गीकरण, तालिका हे सगळं ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवतात. अलीकडची कथा-कादंबरी आणि चित्रांतून सांगितलेली पुस्तकं, म्हणजे ज्यांना आता सगळे ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती, वाचकाच्या हातात कशी पोचवायची हे मात्र टेबलावरच शिकावं लागतं. तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, किंवा सुट्टीत मदतीला येत असाल, तर मी जे करते ते क्रमाने सांगते.

१. आधी परत आलेलं पुस्तक बघा

नवीन माणूस पुस्तक परत घेताना तारीख बघतो, उशीर झाला असेल तर दंड सांगतो, कार्ड परत देतो आणि पुस्तक बाजूच्या ढिगावर ठेवतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. सुचवण्याचं काम पुस्तक देताना होतं असं वाटतं, पण त्याची निम्मी तयारी पुस्तक परत घेतानाच झालेली असते.

परत आलेलं पुस्तक हातात घ्या आणि वरून बघा. वाचक खूण म्हणून काहीतरी घालतातच: एसटीचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिकेचा तुकडा. ती खूण ३०व्या पानावर अडकली असेल तर पुस्तक तिथेच थांबलं. खूण शेवटाजवळ असेल, किंवा पानांची कड शेवटपर्यंत सारखी मऊ झाली असेल, तर पूर्ण वाचलं गेलं. मग एकच प्रश्न विचारा. "आवडलं का?" असं विचारू नका, समोरचा आपल्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. "कुठपर्यंत आलात?" असं विचारा. यात पास-नापास काही नाही. माणूस मोकळेपणाने सांगतो, "अहो, मधे नुसती वर्णनं फार आहेत," किंवा "शेवट वाचून दोन दिवस झोप लागली नाही."

हा धडा मला एका निवृत्त गुरुजींनी दिला. ते नियमाने 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'पानिपत' अशी पुस्तकं न्यायचे. साहित्य अकादमी मिळालेली एक नवी कादंबरी मी त्यांना मोठ्या उत्साहाने दिली. पुरस्कार मिळालाय, तर ती कुणालाही आवडेलच असा माझा समज होता. आठव्या दिवशी पुस्तक परत आलं, एसटीचं तिकीट २८व्या पानावर. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढचे दोन महिने ते माझ्याकडे न विचारता थेट कपाटाकडे जात राहिले. पुस्तक उत्तमच होतं. पण त्यातली बोली त्यांच्या भागातली नव्हती, कथानक संथ होतं, आणि मी त्यांना यातलं काहीच आधी सांगितलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक नियमित सभासदाचं एक पान ठेवा. साधी दोनशे पानी वही पुरते. सभासद क्रमांक, शेवटची तीन पुस्तकं, त्यातलं कोणतं पूर्ण झालं, काय बोलले त्याचे चार शब्द. ही वही तुमच्या खणात राहू द्या. कोण काय वाचतं हे दुसऱ्या सभासदाला कधीही सांगायचं नाही, कौतुकानेही नाही. गाव लहान असतं. एखाद्या बाईने घटस्फोटावरची कादंबरी नेली, एवढ्यावरून घरोघरी चर्चा सुरू होऊ शकते.

२. नवीन पुस्तक स्वतः किती वाचायचं

सगळी पुस्तकं वाचणं शक्य नाही, आणि तशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आमच्याकडे खरेदी बहुतेक मार्चअखेर एकगठ्ठा होते आणि एका वेळी दीडदोनशे पुस्तकं येऊन पडतात. शिक्के मारताना, परतीच्या तारखांची पट्टी चिकटवताना प्रत्येक कथा-कादंबरीची पहिली ३० पानं मी वाचते, मग मधली दहा. शेवट आधी वाचत नाही. एवढ्या वाचनातून मला फक्त चार गोष्टी टिपायच्या असतात: कोण बोलतंय, भाषा कुठली, वेग कसा आहे, आणि हे पुस्तक मुलांच्या हाती देता येईल का.

उदाहरणार्थ, कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. हिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. माझ्या वहीत तिच्यापुढे लिहिलंय: "धरणाने उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस, कोल्हापूरकडची बोली, घाईने वाचू नये." या ओळीचा मला पुरस्काराच्या शिक्क्यापेक्षा जास्त उपयोग होतो. देवीदास सौदागर यांच्या 'उसवण'पुढे: "शिंप्याची गोष्ट, लहान पुस्तक, सरळ भाषा, २०२४चा युवा पुरस्कार." किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'पुढे: "दीर्घकथा, गावातला मुलगा शिकून बाहेर पडतो, एका वेळी एकच कथा वाचा असं सांगणे."

नवीन काय येतंय हे कळायला वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आहेत, 'ललित' मासिक आहे. 'ललित' १९६४पासून निघतं आणि त्यातली 'चोखंदळ वाचकांची निवड' मी दरवर्षी कापून फळ्यावर लावते. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. तिथे स्टॉलवर उभं राहून पानं चाळता येतात आणि प्रकाशकाच्या माणसाला विचारता येतं की हे पुस्तक मागणारे लोक कोण असतात. हा प्रश्न जरूर विचारा. विक्रीवाल्यांना वाचकांची फार चांगली पारख असते.

३. जुन्या आवडीपासून नव्या पुस्तकापर्यंत

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते, कारण आमच्या वाचनालयातल्या वाचकांची आवड पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घडलेली आहे. तिला नावं ठेवू नका. ज्याने 'छावा' चार वेळा वाचलं, त्याला एका पुस्तकावर जीव लावता येतो. असा वाचक नव्या लेखकाला मिळाला तर त्या लेखकाचं भाग्य. आपण फक्त एवढं शोधायचं की त्याला त्या पुस्तकात नेमकं काय धरून ठेवतं. विषयावरून जोडी लावली की बहुतेक वेळा फसते.

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांत मला तीन प्रकारचे लोक दिसतात. एकाला मोठ्या माणसाचं मोठेपण हवं असतं. दुसऱ्याला लढाया, मुक्काम, रसद, फंदफितुरी असा तपशील हवा असतो. तिसऱ्याला घराण्याची, पिढ्यांची गोष्ट आवडते. दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला मी नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' देते. ती १९९७ची, म्हणजे फार नवी नव्हे, पण अठराव्या शतकातला एक साधा माणूस आपल्या तोंडाने बंगालच्या स्वाऱ्यांची हकिकत सांगतो. लढाई जवळून, जमिनीवरून दिसते. ती आवडली की मग त्याच लेखकाची 'उद्या'. ही थेट येणाऱ्या काळात घडते, माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवली जाते अशा जगात. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला होता आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. एकदा लेखकाच्या आवाजावर विश्वास बसला की वाचक त्याच्यामागे इतिहासातून भविष्यातही जातो. गुरुजींच्या बाबतीत मी हेच केलं आणि तिकीट शेवटच्या पानांत सापडलं.

तिसऱ्या प्रकाराला, आणि वेळ हाताशी असेल तर, रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत'. एका कुळाची शतकानुशतकांची गोष्ट. जाडी बघून लोक घाबरतात. मी सांगते, "काका, दोनदा मुदत वाढवून देईन, निवांत वाचा." जाड पुस्तकाला हे आश्वासन आधीच द्यावं लागतं. पहिल्या प्रकारच्या वाचकाला मात्र मी सहसा छेडत नाही. त्याला हवं ते मिळू द्यावं.

२०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला तेव्हा आमच्याकडे त्या कादंबरीच्या दोनच प्रती आणि मागणी वहीत कितीतरी नावं. अशी रांग म्हणजे संधी असते. "नंबर यायला महिना लागेल, तोवर हे वाचून बघता का?" असं म्हटलं की एरवी नवं न घेणारा माणूसही घेतो.

नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचणाऱ्या मंडळींना हृषीकेश गुप्ते द्या. भीती तीच, पण माणसाच्या आतली गुंतागुंत जास्त. 'दंशकाल' मात्र प्रौढांनीच वाचावी. ते मी देतानाच सांगते, कारण धारप आवडतात म्हणणाऱ्यांत नववी-दहावीची मुलंही असतात.

व. पु. काळे यांच्या कथा पाठ असलेल्या वाचकाला शहरातल्या माणसांची छोटी छोटी दुःखं ओळखीची असतात. त्याला गणेश मतकरी यांचं 'खिडक्या अर्ध्या उघड्या' जमतं. वेगवेगळी माणसं आपापल्या बाजूने बोलतात आणि एकीची कथा दुसरीत शिरते. मुंबईच्या गिरणगावाशी नातं असलेला वाचक असेल, आणि आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गिरणीत होता, तर जयंत पवार यांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. संपानंतर लालबाग-परळचं काय झालं हे ज्यांनी भोगलं त्यांच्या घरात हे पुस्तक गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. एका काकांनी ते परत करताना पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्या खोलीचा नंबर, चाळीचं नाव आणि खात्यातल्या साच्यांची संख्या सांगून गेले. मी तेच वहीत लिहून ठेवलं.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' वाचून झालेली कॉलेजची मुलं "अजून असंच" मागतात. प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' त्या पुढच्या वयाची, जास्त अंधारी, व्यसनं आणि शरीरसंबंध उघडपणे येणारी. १८ पूर्ण असतील तरच. ग्रामीण कथेचा वाचक असेल तर आसाराम लोमटे यांचं 'आलोक'.

अनुवाद विसरू नका. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेले कन्नड कादंबरीकार भैरप्पा आमच्याकडे अनेक मराठी लेखकांपेक्षा जास्त फिरतात.

४. दोन वाक्यांत सांगायचं

टेबलासमोर रांग असते. तुमच्याकडे एका माणसासाठी अर्धं मिनिट आहे. कथानक सांगू नका. ते ऐकून झालं की वाचायची गरज उरत नाही. "खूप सुंदर आहे", "वाचायलाच पाहिजे" हेही नको. पहिल्या वाक्यात माणूस आणि त्याची अडचण सांगा. दुसऱ्यात वाचकाला आधी माहीत असावी अशी एक गोष्ट सांगा.

'उसवण' मी एका ताईंना दिली. त्या घरी ब्लाउज शिवतात आणि दर शनिवारी पुस्तक बदलायला येतात. मी म्हटलं, "एका शिंप्याची गोष्ट आहे, रेडिमेड कपडे आल्यावर त्याचं काय होतं त्याची. लिहिणारा स्वतः तुळजापूरला शिलाईकाम करणारा." त्यांनी पुस्तक हातात धरून मलपृष्ठ वाचलं, पिशवीत टाकलं. पुढच्या शनिवारी परत करताना त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडं पण आता नवं शिवायला कमीच येतं हो. जुनंच उसवायचं न् बसवायचं." मागे चार माणसं थांबली होती. थांबू दिलं मी त्यांना.

दोन पर्याय द्या, तीन नको. दोनात माणूस निवडतो. पाचांत गोंधळतो आणि जुनंच उचलतो. एक पुस्तक त्याच्या आवडीच्या अगदी जवळचं, दुसरं एक पाऊल पुढचं. आणि नेहमी सांगा, "नाही जमलं तर उद्या आणून द्या, मी बदलून देते." पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी मिळाली की लोक नवीन लेखकाला हात लावायला धजावतात.

५. चित्रांची पुस्तकं: आधी आपल्याच मंडळींना पटवा

पहिली अडचण वाचकांची नसते, कार्यकारी मंडळाची असते. "कॉमिक्स कशाला? तेवढ्या पैशात चार कादंबऱ्या येतील." हा प्रश्न अडाणीपणाचा समजू नका. ही पुस्तकं महाग असतात आणि अनुदान बेताचंच असतं. वाद घालू नका. एक पुस्तक सभेत टेबलावर ठेवा. आर्ट स्पीगेलमन यांच्या 'माउस'ला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळालं. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं, आणि त्यात छळछावणीतून वाचलेल्या बापाची कहाणी मुलगा सांगतो. पाच पानं बघितल्यावर हे लहान मुलांसाठी आहे असं कुणी म्हणत नाही.

आमच्याकडे खरं काम 'भीमायन'ने केलं. डॉ. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग, चित्रं परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. इंग्रजीत २०११ साली आलं. यातली पानं नेहमीच्या चौकोनात कापलेली नाहीत, गोंड भिंतचित्रांतल्या नक्षीच्या वळणांनीच पान विभागलं जातं. संवादांचे फुगे नीट बघा. टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. सोसणाऱ्याचे, प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत. मनातला विचार असेल तर फुग्याला डोळा काढलाय. हे मी प्रत्येक नव्या वाचकाला पहिल्याच पानांवर बोट ठेवून दाखवते. एकदा ही खूण कळली की माणूस अक्षर वाचायच्या आधी पान वाचायला लागतो.

आमचे एक सभासद, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा. त्यांची नात इंग्रजी शाळेत सातवीला. दोघं वाचनकक्षात शेजारी बसली. नात मजकूर वाचून अर्थ सांगत होती, आजोबा चित्रावरून प्रसंग ओळखून पुढची गोष्ट सांगत होते: महाडचं तळं, १९२७, बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही तो प्रसंग. पुस्तकात जेवढं होतं त्यापेक्षा जास्त त्या नातीने ऐकलं. तेव्हापासून ही पुस्तकं मी दोन पिढ्यांना मिळून द्यायला बघते.

मराठीत मूळ लिहिलेली मोठी ग्राफिक कादंबरी फार हाताला लागत नाही. पण आपला वाचक चित्रं वाचायला शिकलेला आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसाला 'वेताळ' म्हणा, 'चांदोबा' म्हणा, त्याचे डोळे बघा. चाळिशीतल्यांना 'चिंटू' आठवतो, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये सुरू केलेला. तिथून बोलणं सुरू करा, मग हळूच मोठ्यांचं पुस्तक पुढे करा. 'रिंगाण' वाचलेल्याला मी ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' दाखवते. १९९४चं हे पुस्तक नर्मदेच्या धरणावरच्या आंदोलनातून आलेलं, बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२२मध्ये पुन्हा छापलं गेलं. धरणाने उठलेली माणसं दोन्हीकडे आहेत. एक शब्दांत, एक रेषांत. इंग्रजी साधं आहे. महाभारत आवडणाऱ्या आणि इंग्रजी वाचणाऱ्यांना अमृता पाटील यांचं 'आदिपर्व'.

मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं ठेवाच ठेवा. ती मोठ्यांनीही बसून बघावीत. चित्रातल्या स्वयंपाकघरात काय काय मांडलंय ते मुलांना शोधायला सांगा.

६. मांगा मागणारी मुलं

आठवीपासून पुढची मुलं मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, नावं घेऊन येतात आणि आपल्याला उच्चारही येत नाही. लाजू नका, त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पण खरेदीआधी तीन गोष्टी तपासा.

मालिका किती खंडांची आहे ते बघा. 'डेथ नोट' १२ खंडांत संपते, 'डेमन स्लेयर' २३, 'नारुतो' ७२, आणि 'वन पीस' १९९७पासून चालूच आहे, शंभराच्या पुढे. छोट्या वाचनालयाने संपलेली आणि लहान मालिका घ्यावी. पाच खंड घेऊन थांबलात तर मुलं सहाव्यासाठी रोज विचारतील आणि मग यायची बंद होतील.

मलपृष्ठावर वयाची खूण असते. इंग्रजी मांगांवर 'टी' म्हणजे किशोरांसाठी, 'टी प्लस' म्हणजे जरा मोठ्या किशोरांसाठी, 'एम' म्हणजे प्रौढांसाठी.

तिसरी गोष्ट आम्ही चुकून शिकलो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आमच्याकडे सवयीने तारखेची पट्टी "शेवटच्या" पानावर चिकटवली गेली आणि ती नेमकी पहिल्या चित्रावर बसली. पट्टी आणि शिक्का कुठे येणार हे आधी पुस्तक उघडून ठरवा. तसंच, चित्रांचं पुस्तक सुटलं तर बाइंडरकडे नेहमीच्या आडव्या शिवणीला देऊ नका. शिवण आतली बोटभर जागा खाते. कादंबरीत ते चालतं, इथे दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध गिळलं जातं. नवं असतानाच प्लॅस्टिकचं कव्हर घाला.

वयाबद्दल माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. बारा वर्षांच्या मुलाला मी एक ग्राफिक कादंबरी दिली. चित्रं होती म्हणून आत न बघताच. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. ओरडले नाहीत. उघडून एक पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही हे बघितलं होतं का?" मी नव्हतं बघितलं. मी माफी मागितली, आणि त्या दिवसापासून एकही चित्रपुस्तक पूर्ण पाहिल्याशिवाय मांडणीवर जात नाही. कादंबरीची ३० पानं चालतात. इथे सगळी पानं उलटायची, तासाभराचं काम आहे. तो मुलगा अजून येतो. त्याच्यासाठी पुस्तक मी त्याच्या वडिलांसमोर उघडून दाखवते.

यावरून मांडणीचंही ठरवलं. ग्राफिक पुस्तकं बालविभागात ठेवली तर मोठी माणसं तिकडे फिरकत नाहीत आणि मुलांच्या हाती नको ते लागतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत त्यांचा क्रमांक ७४१.५, म्हणजे चित्रकलेच्या कपाटात, जिथे कुणीच जात नाही. आमच्याकडे टेबलाशेजारी वेगळी फळी आहे, खांद्याच्या उंचीवर, मुखपृष्ठं पुढे करून. मुलांची फळी खाली, वेगळी.

ही पुस्तकं तासा-दीड तासात वाचून होतात, म्हणून एका पुस्तकाच्या कार्डावर लोक ती घेत नाहीत. आठवड्याची वर्गणी वाया गेली असं वाटतं. कादंबरीबरोबर जोडीला द्यायची सोय करून घ्या. आमच्या मंडळाने शनिवार ते मंगळवार जादा पुस्तक म्हणून द्यायला मान्यता दिली आणि फळी हलायला लागली.

७. दिवाळी अंक

थोडक्यात सांगते. नव्या लेखकाची ओळख करून द्यायला दिवाळी अंकाइतकं सोपं काही नाही. १९०९च्या 'मनोरंजन'पासून ही आपली परंपरा आहे आणि अंक योजनेचे सभासद तर आधीच ठरलेले असतात. अंक फिरत असताना कुठल्या अंकात कुणाची कथा चांगली आहे त्याची चिठ्ठी मुखपृष्ठाला टाचा. जानेवारीत त्या लेखकाचं पुस्तक मागायला लोक स्वतः येतात.

८. न हललेली पुस्तकं

रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वर्गात ते परीक्षेपुरतं पाठ करतात. कपाटासमोर उभं राहून तारखेच्या पट्ट्या बघायला लागलात की ते खरं कळतं. दोन वर्षांत एकही शिक्का न पडलेली नवी कादंबरी दिसली की ती बाहेर काढा. पट्टी कोरी असणं हा पुस्तकाचा दोष नसतो. आपण ते कुणापुढे ठेवलंच नव्हतं, एवढाच अर्थ. दर सोमवारी अशी पाच पुस्तकं मी टेबलावर घेते आणि आठवडाभर त्यांना गिऱ्हाईक शोधते. प्रवीण दशरथ बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' अशीच कोपऱ्यात होती. २०२२चा अकादमी पुरस्कार जाहीर झाल्यावर चार दिवस मागणी आली आणि ओसरली. नंतर कुडाळ-सावंतवाडीकडचं माहेर असलेल्या एका बाईंना ती दिली, तेव्हा पुस्तकाला खरा वाचक मिळाला. त्यांनी आपल्या बहिणीला पाठवली, बहिणीने जावेला. आता ती प्रत शिवणीला आली आहे.

पहिल्या महिन्यात हे सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्या वही घ्या. परत येणाऱ्या पहिल्या दहा पुस्तकांतल्या खुणा बघा, दहा जणांना "कुठपर्यंत आलात?" विचारा आणि लिहा. संध्याकाळी कपाटातून कोरी पट्टी असलेलं एक पुस्तक घरी न्या आणि ३० पानं वाचा. परवा सकाळी त्या दहांपैकी कुणाला ते द्यायचं हे तुम्हाला टेबलावर बसायच्या आधीच सुचलेलं असेल.